शालोमभाऊची काडेपेटी

ज्या माणसानं जन्मात विडी ओढली नाही आणि ज्याच्या देवाला उदबत्ती लागत नाही, त्याच्या शर्टाच्या खिशात कायम काडेपेटी कशाला पाहिजे? शालोमभाऊच्या खिशात असते. तिच्यासोबत एक भिंग असतं आणि एक पांढराशुभ्र रुमाल असतो. त्या रुमालाला त्यानं कधी नाक लावलेलं नाही. तो भाजी तपासायचा रुमाल आहे. कोणी कोथिंबिरीची जुडी पुढं केली की शालोमभाऊ रुमाल पसरतो, जुडी त्यावर तीनदा झटकतो आणि डोळ्याला भिंग लावून सोनारासारखा वाकतो. मग म्हणतो, "आहे. चालतोय. हा बघा, सहा पायांचा." ज्यानं जुडी आणलेली असते तो मेल्याहून मेल्यासारखा होतो.

मी चौथी शिकलेला माणूस. मूळचा शिंदखेड्याकडचा, पण आयुष्य जळगावात खानावळ चालवण्यात गेलं. मला लोक नाना म्हणतात. शुद्धलेखन नातीनं तपासलंय, मजकुराला हात लावू दिलेला नाही. शालोमभाऊला मी तोंडावर 'तुम्ही' म्हणतो. इथं 'तो' म्हणणार, कारण इथं तो समोर बसलेला नाही आणि माझा अजून थोडा राग बाकी आहे.

शालोम एलिजा थळकर. आडनाव कोकणातलं, जन्म भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधला, धर्मानं ज्यू. त्याचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. जळगावात आता त्यांच्यातला तो एकटाच. त्याच्या दारचौकटीला एक लहानशी नळी तिरपी ठोकलेली आहे. आत देवाचं वचन लिहिलेलं असतं. येता-जाता तो तिला बोटं लावतो आणि बोटांचा मुका घेतो. गल्लीत नवीन आलेल्या माणसाला वाटतं, म्हातारा बेल दाबतोय आणि बेल वाजत नाही.

नोकरी रेल्वेत. काम काय, तर गाडी स्टेशनात आली की लांब दांड्याची हातोडी घेऊन एकेका चाकावर ठोका मारायचा आणि आवाज ऐकायचा. टण वाजलं तर चाक चांगलं. ठक वाजलं तर आत कुठंतरी चीर आहे. सगळी उमर ज्यानं चाकं ठोकली, तो माणूस रिटायर झाला म्हणून थांबेल का? तो माझी कढई ठोकतो. नारळ ठोकतो. नव्या डॉक्टरनं त्याच्या छातीला नळी लावली तेव्हा हा त्याला म्हणाला, "घाई करू नका. परत ऐका."

आणि त्याचं एक ठरलेलं वाक्य. कोणी काहीही खात्रीनं सांगितलं, दुकानावर 'अस्सल', 'शुद्ध', 'घरगुती' असं काही लिहिलेलं दिसलं, की शालोमभाऊ मान हलवणार आणि म्हणणार, "पाटी वाचून गाडी सोडत नाहीत, नाना."

पंचवीस वर्षं तो रोज चार वाजता माझ्या खानावळीत येतो. भिंतीवर खिळा आहे, खिळ्याला त्याचा स्टीलचा ग्लास. त्या ग्लासात कोरा चहा. कोरा का, तर "दूध काढताना मी तिथं नव्हतो." चहाबरोबर एक केळं. ते तो स्वतः सोलतो. "केळं देवानं सील करून पाठवलंय," म्हणतो. चोपड्याकडच्या केळ्यांच्या गाड्या येतात तेव्हा हा माणूस घड असा निरखतो, जसा देवाचा सही-शिक्का शोधतोय. मटणाचं म्हणाल तर त्यांच्या नेमानं कापणारा माणूस जळगावात नाही, म्हणून एवढी वर्षं तो शाकाहारी. त्याचा जैन शेजारी मला म्हणाला होता, "नाना, एवढं तर आम्हीपण नाही बघत."

आता तुम्ही विचाराल, शाकाहारी माणूस, शाकाहारी खानावळ, पंचवीस वर्षांची दोस्ती, मग जेवत का नाही?

तेच तर सांगायचंय.

पहिल्या वर्षीच मी त्याला जेवायला थांबवलं होतं. थंडीचे दिवस, भरताची हिरवी वांगी आलेली. आमचं भरीत कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं असतं. शालोमभाऊ म्हणाला, "जेवतो नाना. फक्त दोन गोष्टी. भाजायच्या आधी वांगी चिरून मला दाखवा. आणि चुलीला काडी मी लावतो."

मी म्हटलं, "काडी? तुम्ही? का?"

"आमचा नेम आहे. शिजवण्यात आमच्यातल्या एकाचा तरी हात लागला पाहिजे. निदान विस्तव तरी आम्ही पेटवलेला पाहिजे."

"मग चहाचं पाणी माझ्याच चुलीवर उकळतं, ते कसं चालतं?"

"पाणी कच्चंही पितात. वांगं कच्चं खाता का तुम्ही?" वर म्हणाला, "आणि साध्यासुध्या पदार्थाला हा नेम नाही. राजाच्या ताटात वाढण्याजोगं असेल, त्यालाच आहे. तुमचं भरीत त्यातलं आहे नाना, म्हणून अडचण आहे."

आता यात स्तुती किती आणि अपमान किती, हे मला अजून वेगळं करता आलेलं नाही. त्या दिवशी मी अपमान तेवढा उचलला. कारण माझ्याही घरात नेम आहे. माझ्या आईनं ही खानावळ काढली तेव्हा सांगून ठेवलं होतं, चूल घरच्या माणसानंच पेटवायची. नोकरानं नाही, गिऱ्हाइकानं नाही, पाहुण्यानं नाही. रोज सकाळी आंघोळ करून मी स्वतः पेटवतो. ताप असला तरी. आणि वांगं चिरून भाजायचं? चिरून भाजलं तर त्याचं भरीत होत नाही, मुडदा होतो.

मी म्हटलं, "शालोमभाऊ, माझ्या हातचा विस्तव तुम्हाला चालत नसेल, तर तुमच्या हातचा मला चालत नाही."

तो म्हणाला, "बरं."

संपलं. त्यानं काडी मागायचं सोडलं, मी ताट वाढायचं सोडलं. चहा चालू राहिला. तो हट्टी आहे. मी नाही. मी फक्त माझ्या जागेवरून हललो नाही.

अशी पंचवीस वर्षं गेली आणि गेल्या थंडीत कॉलेजच्या रस्त्याला एक नवीन हॉटेल निघालं. केतकी नावाची मुलगी, इथलीच, पुण्याला शिकून परत आलेली. बाहेर हिरवी पाटी, 'शंभर टक्के वेगन'. वेगन म्हणजे काय हे मी नातीला विचारून घेतलं. मांस नाही, अंडं नाही, इथपर्यंत ठीक. दूध नाही, दही नाही, तूप नाही, मधसुद्धा नाही. आमच्याकडे असं ताट वाढलं असतं तर व्याही पाटावरून उठून गेला असता. मी म्हटलं, चालू द्या, आपल्याला काय करायचंय.

मग एक दिवस चार वाजले, साडेचार वाजले, ग्लास खिळ्यालाच. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी आमची मंडळी बाजारातून आली, पिशवी टेकवली आणि म्हणाली, "तुमना शालोमभाऊ तठे त्या नव्या हाटेलमा चूल पेटाडी ऱ्हायना."

"कोन सांगस?"

"मी मना डोयाघाई देखं."

तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं म्हटल्यावर पुढं बोलणंच खुंटलं. मी ताटं उगाच दोनदा पुसली. कालची पोरगी, दूध नाही तूप नाही, कशाचा पत्ता नाही, आणि तिच्या चुलीला शालोमभाऊची काडी! माझ्या चुलीजवळ पंचवीस वर्षं बसला, आणि तिच्याकडे तीन दिवसांत आत घुसला. हेवा वाटला. वाटला म्हणजे वाटला, लिहायला लाज कसली? मी गिऱ्हाइकाच्या वरणात दोनदा मीठ टाकलं. मंडळी माझ्याकडे बघून हसली. म्हणे, "चूल तठे पेटनी, नि धूर आठे निंघी ऱ्हायना."

दुसऱ्या दिवशी मी टॉवेल तोंडाला गुंडाळला आणि रिक्षा करून तिकडे गेलो. थंडी होतीच, त्यामुळे कोणाला संशय यायचं कारण नव्हतं. कोपऱ्यात बसलो. चहा मागवला, तर सोयाबीनच्या दुधाचा आला. आम्ही सोयाबीन पेरतो, काढतो, विकतो. दोहत नाही. शेवभाजी मागवली. बरी होती. बरीच बरी होती, त्यामुळे डोकं आणखी फिरलं.

तिथल्या स्वयंपाकघराला काच आहे. आतलं सगळं दिसतं आणि खिडकीतून ऐकूही येतं. आत शालोमभाऊ रुमाल पसरून बसला होता आणि केतकी त्याच्यापुढं मेथी घेऊन उभी.

"आजोबा, मी तीन पाण्यांतून धुतलीय."

"धुतल्यानं सुटतो तो पाहुणा. चिकटून बसतो तो मालक. थांब." भिंग लावलं. "हे पान काढ. हे पण. हे व्हिनेगर कशाचं?"

"द्राक्षाचं. द्राक्षं वेगनच असतात की!"

"द्राक्ष असतं. त्याची दारू आणि सिरका कोणी केला, ते आम्हाला बघावं लागतं. बाजूला ठेव. पाव?"

"बेकरीतून येतो."

"बेकरीवाला पत्र्याला काय फासतो?"

"विचारलं नाही."

"विचार. तुझ्याआधी या जागेत काय होतं?"

तिनं कढईकडे पाहिलं. "चायनीजची गाडी होती. दोन कढया त्यांच्याच घेतल्यात. पण अगदी चकचकीत घासल्यात, आजोबा."

"घासल्यानं चीर जात नाही, पोरी."

"पण आमच्याकडे मांस नाही, दूध नाही. दोन्ही नाही म्हटल्यावर तुमचा प्रश्नच सुटला ना? वेगन म्हणजे सगळ्यात सेफ!"

शालोमभाऊनं भिंग खाली ठेवलं. मला माहीत होतं आता काय येणार. ओठांवर माझ्याही आलं. "पाटी वाचून गाडी सोडत नाहीत," तो म्हणाला. माझं वाक्य. म्हणजे त्याचंच, पण पंचवीस वर्षं ते तो मला म्हणत होता. तिला 'आजोबा' म्हणू देत होता आणि वर माझं वाक्यही देऊन टाकलं!

मग त्यानं खिशातून काडेपेटी काढली. ती लायटर देत होती, तो नको म्हणाला. काडी ओढली आणि शेगडी पेटवली. हळू, दोन्ही हातांचा आडोसा करून, जसा कोणी निरांजन लावतो.

मला बसवेना. मी उठून थेट आत गेलो. "काय शालोमभाऊ, ठोकून झाली का चाकं?"

त्यानं वर पाहिलं. दचकला नाही. "नाना, टॉवेल काढा. शेव लागलीय मिशीला."

"आमची चूल पंचवीस वर्षं चालली नाही. ही तीन दिवसांत चालली?"

"चूल चालत होती," तो म्हणाला. "काडी चालली नाही. तुम्हाला."

एवढं बोलून त्यानं रुमाल झटकला, चार घड्या घातल्या, खिशात ठेवला आणि निघून गेला. दाराला बोटं लावायला हात वर गेला आणि तसाच खाली आला. तिथं नळी नव्हती.

मी केतकीला म्हटलं, "रोज जेवतो का तो इथं?"

"कुठं हो! चार दिवस झाले, एक घास खाल्ला नाही. रोज येतात, सगळं तपासतात, शेगडी पेटवतात, वहीत लिहून घेतात आणि जातात."

"मग करतो काय?"

"तुम्हाला माहीत नाही? त्यांचा मुलगा येतोय ना इस्रायलहून, बायको-मुलीला घेऊन. एक दिवस सगळ्यांनी एका टेबलावर बसून जेवावं, एवढंच म्हणतात. जागा शोधतायत."

मी म्हटलं, "घर आहे की त्याला!"

"मी पण तेच म्हटलं," ती म्हणाली. "तर म्हणाले, पोरी, मेथी दाखव."

मी रिक्षा न करता चालत शालोमभाऊच्या घरी गेलो. दार उघडं होतं. ओट्यावर त्याची सगळी भांडी पालथी घालून वर चादर टाकलेली होती, त्यांच्यात माणूस गेल्यावर आरशावर टाकतात तशी. तो खुर्चीत बसून केळं सोलत होता. मला बघून अर्धं दिलं. रागात होतो, पण घेतलं. केळ्याचा काय दोष?

"रूबेनचा फोन आला होता," तो म्हणाला. रूबेन म्हणजे मुलगा. लहानपणी माझ्या खानावळीत शेंगा खायला यायचा, तिकडे जाऊन पंधरा वर्षं झाली. "सुनेच्या माहेरचे फार कडक आहेत. आता तोही कडक झालाय. चांगलं आहे. मला म्हणाला, पप्पा, आई गेल्यावर घरात तुम्ही एकटेच. स्वयंपाकघरात दुसरं कोणी येतं का? मी म्हटलं, गेल्या पावसाळ्यात मला ताप होता, तेव्हा भांडीवाल्या बाईनं आठ दिवस मला खिचडी करून घातली. गॅस तिनंच पेटवला. पातेलंही तिच्या घरून एक आलं होतं. कुठलं, ते मला आठवत नाही."

"मग?"

"मग त्यानं खिचडीचं दोनदा विचारून घेतलं. म्हणाला, आम्ही येऊ पप्पा, भेटू, बसू. पण तुमच्याकडे जेवणार नाही. आमचे डबे आम्ही आणू."

मी उसळलो. "कशाला सांगायचं खिचडीचं? त्याला कुठं दिसणार होतं? एक वाक्य गिळलं असतं तर काय बिघडलं असतं?"

शालोमभाऊनं माझ्याकडे असं पाहिलं, जशी मीच चीर. "नाना, चाकाबद्दल खोटं बोलायचं नसतं. वर माणसं बसलेली असतात."

मग बराच वेळ तो सालीची घडी घालत बसला. केळ्याच्या सालीची घडी घालणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. म्हणाला, "जन्मभर लोकांची चाकं ठोकली. आता पोरगा माझं ठोकतोय."

"आणि आवाज कसा येतोय?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"त्याला ठक येतोय."

केतकीच्या हॉटेलचंही त्यानं फोनवर सगळं सांगून टाकलं होतं. कढई, सिरका, पाव, मेथी, एकूण एक. मुलगा म्हणाला, पप्पा, वेगन म्हणजे कोशेर नाही. कोशेर म्हणजे त्यांच्या नेमात बसणारं. मांस नाही, दूध नाही, इतक्यानं भागत नाही. बघणारा कोण आहे? तुम्ही सकाळी पेटवून गेलात, दुपारी आचाऱ्यानं विझवून परत पेटवली, तर? हाच प्रश्न शालोमभाऊ स्वतः सगळ्या गावाला विचारत आलेला.

रात्रीची वाट न बघता मी संध्याकाळीच घरी मंडळीला सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "आपल्याकडेच केलं असतं. पण आईचा नेम आहे. घरच्या माणसानंच चूल पेटवायची."

ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "पंचवीस वरीस पासीन तेना गिलास आपला भिताडले टांगेल शे. पाव्हनाना गिलास कोनी टांगस का?"

मी विचार केला. भिंतीला ग्लास तर माझ्या व्याह्याचाही नाही.

दुसऱ्या दिवशी मी परत त्याच्या घरी गेलो. माफी वगैरे मला जमत नाही. मी म्हटलं, "बुधवारी वांगी येतायत. खानावळ त्या दिवशी बंद. रूबेनला इकडेच बोलवा. सकाळी सहाला काडेपेटी घेऊन या. उशीर केला तर मी थांबणार नाही."

त्यानं खिशातली काडेपेटी चाचपली. मग म्हणाला, "वांगी चिरावी लागतील."

"बघू."

"भाजायच्या आधी."

"म्हटलं ना, बघू!"

मी नवी कढई, नवा तवा, नवी परात, ताटं, पळी आणि सुरी आणून त्याला देऊन टाकली. त्याची म्हणून. तर म्हणाला, आमच्या मालकीचं धातूचं नवं भांडं आधी वाहत्या पाण्यात बुडवावं लागतं. म्हणून आम्ही दोन म्हातारे रिक्षानं गिरणा नदीवर गेलो. तो ओठांत काही म्हणत एकेक भांडं पूर्ण बुडवी आणि मी काठावर उभा राहून घेई. धुणं धुणाऱ्या बाईनं विचारलं, "बाबा, विसर्जन कसानं शे?" मी म्हटलं, "हट्टाचं." ती हसली. शालोमभाऊ हसला नाही, तव्याची मागची बाजू कोरडी राहिली होती का ते बघत होता.

बुधवारी सहाला दहा कमी असताना तो दारात. अंगात धुतलेला सदरा. मी आंघोळ करून चुलीपाशी उभा होतो. मंडळी होती. मी बाजूला सरकलो. एवढंच केलं. त्या जागेवरून मी आजवर कोणासाठी सरकलो नव्हतो. त्यानं काडी ओढली. पहिली विझली. दुसरी लागली. मी मनात आईला म्हटलं, बघ, नेम मोडला नाही.

मग वांगी. मी डोळे मिटून उभा राहिलो आणि त्यानं एकेक वांगं देठापर्यंत चौफाक चिरलं, आत बॅटरी मारली, भिंग लावलं. अकरातली दोन बाजूला काढली. तिसऱ्यावर मी भांडलो. हरलो. कांद्याच्या पातीची प्रत्येक नळी उभी फाडून बघितली. भाकरीचं ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ तीनदा चाळलं. बाहेर कपाशीच्या काड्या त्यानंच पेटवल्या, आणि चिरलेली वांगी त्या विस्तवावर पडली तेव्हा मला आत कुठंतरी चिरल्यासारखं झालं. पण वास आला. वास तोच होता. कबूल करतो.

अकरा वाजता रूबेन आला. दाढी वाढलेली, डोक्याला टोपी. सून अबोल, हातात डब्याची पिशवी. मुलगी सात वर्षांची, याएल नाव, तिला फक्त केळ्यांचा घड दिसला. रूबेननं मला नमस्कार केला, मग सरळ स्वयंपाकघरात गेला. चमचा उचलला आणि कढईवर मारला. टण.

मी शालोमभाऊकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते.

"पप्पा, कोणी पेटवली?"

"मी."

"मधे कुठं गेला नाहीत?"

आमची मंडळी पदर खोचून पुढं झाली. "पहाटपासीन दगडना मायक उभा शे तुना बाप. पानी बी पिना नही."

रूबेन लहानपणी आमच्या गल्लीतच वाढलेला. त्याला सगळं कळलं. तो टेबलापाशी बसला.

सुनेनं तिचा डबा उघडला आणि त्यातलंच खाल्लं. मी आधी चिडलो, मग म्हटलं, ठीक आहे, तिचा नेम तिच्यापाशी. टेबल तर एकच होतं. याएलनं एकामागोमाग एक तीन केळी खाल्ली. रूबेननं बायकोकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि भाकरीचा तुकडा मोडून भरताला लावला.

शालोमभाऊच्याही ताटात भरीत होतं. माझं भरीत. पंचवीस वर्षं थांबलेला घास. मी त्याच्यासमोर उभा, हातात पळी. त्यानं घास तोंडात घातला, चावला, गिळला, आणि त्या सगळ्या वेळात एकदाही ताटाकडे बघितलं नाही. माझ्याकडे तर नाहीच. तो मुलाच्या गळ्याकडे बघत होता. घास खाली उतरतो का ते. त्या क्षणी मला रूबेनचाही हेवा वाटला. केतकीचा वाटला होता त्याच्या दसपट.

राहवेना म्हणून मी विचारलं, "कसं झालंय?"

शालोमभाऊ म्हणाला, "खाल्लं त्यानं."

आठ दिवसांनी रूबेन आणि त्याची माणसं परत गेली. त्या दिवशी शालोमभाऊ चार वाजता आला नाही. मी ग्लास उतरवून पुसला, परत टांगला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला खानावळीचं शटर वर केलं तर तो समोरच्या ओट्यावर बसलेला. म्हणाला, "झोप लागत नव्हती. घरात आवाज नाही." मग म्हणाला, "नाना, त्या दिवशी भरतात मीठ थोडं जास्त होतं."

म्हणजे चव लागली होती तर.

मी आत गेलो, चुलीपाशी उभा राहिलो, माझी काडेपेटी हातात घेतली, दोन काड्या उगाच घासल्यासारख्या केल्या आणि ओरडलो, "ओ शालोमभाऊ! काडेपेटी सादळलीय. तुमची आणा जरा!"

जानेवारीतल्या कोरड्या थंडीत, जळगावात, काडेपेटी सादळत नाही. हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. शालोमभाऊनं माझ्या हातातल्या पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

आणि खिशात हात घालून पुढं आला. ठोकून बघितलं नाही.